दाब जरा जास्त झालाय

वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं रॅकच्या सगळ्यात खालच्या खणात भिंतीला टेकवून ठेवलं होतं. उचलायला गेलो आणि मनगट खाली ओढलं गेलं. एवढ्याशा आकारात एवढं वजन शिशाचंच. कागद उलगडला. आत छपाईसाठी जुळवलेला मजकूर होता. ओळींखाली ओळी खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, भोवती दोऱ्याचे चार वेढे, आणि दोऱ्याचं टोक गाठ न मारता कोपऱ्यात खोचलेलं. ही खोच बाबांची. गाठ मारली की सोडवताना मजकूर सांडतो, असं ते म्हणायचे.

फुंकर मारून मी ते खिडकीशी नेलं. खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं उलटं असतं. ते वाचायची सवय मला शाळेत जायच्या आधीपासूनची. पहिल्या ओळीत मोठ्या इंग्रजी टाइपात एका कॉलेजचं नाव होतं आणि त्याखाली 'बँकॉक'. मी दोनदा वाचलं. मग स्टुलावर बसलो.

हे कॉलेज जगात कुठेही नव्हतं. ते मी तयार केलं होतं, पंचवीसेक वर्षांपूर्वी, याच खोलीत, एका दुपारी. आणि त्याच दुपारी, काम झाल्यावर, एकेक खिळा परत लाकडी केसमधल्या आपापल्या घरात, म्हणजे खणात, टाकला होता. एकही मागे ठेवला नव्हता. चोरी करणारा माणूस किती टापटीप असतो, ते मला त्या दिवशी कळलं होतं.

मग हा मजकूर कुणी जुळवला?

उद्या सकाळी भंगारवाला येणार आहे. नारायण पेठेतली आमची ही इमारत पाडून तिथे नवी उभी राहायची आहे. तळमजल्यावरचा छापखाना बंद होऊनच आता किती वर्षं झाली. ट्रेडल मशीन, लाकडी केस, शिसं, सगळं एकाच टेम्पोत जाईल म्हणाला. त्यासाठी मी आठवड्याच्या रजेवर आलोय. वरच्या दोन खोल्यांत बाबा झोपलेत. वय सत्त्याऐंशी. दुपारची झोप चुकवत नाहीत. एक ते चार. आमच्या शहराच्या या तीन तासांवर लोक विनोद करतात, मीही इतरांबरोबर हसतो. पण खरं सांगायचं तर ही वेळ मला सोसत नाही. जगात कुठेही असलो तरी दुपारी रस्ता शांत झाला की माझ्या बोटांना शिशाचा गारवा जाणवतो.

लहानपणी हीच वेळ आवडायची. मशीन थांबलेलं असायचं. सकाळभर ते खट्-सूं-खट् करत असे आणि त्या तालावरच घर चालायचं. ते थांबलं की कानात पोकळी व्हायची आणि मग तिच्यात बारीक आवाज भरत जायचे, वर आईच्या स्टोव्हचा, खाली रॉकेलच्या डब्यात बुडवलेल्या ब्रशाचा. छापून झालेले खिळे रॉकेलनं धुवायचे असत. शाई, रॉकेल, नव्या कागदाचा कोरडा वास, आणि या सगळ्यावर तरंगत येणारा खळीचा. आई मैद्याची खळ शिजवायची, किडे लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद टाकायची आणि पॅडच्या कडांना बोटांनी लावायची. त्या खळीवर मला वर्षाचे ऋतू कळायचे. जूनमध्ये शाळांची प्रगतिपुस्तकं, मग मंडळांची पत्रकं, मग दिवाळीची भेटकार्डं, आणि तुळशीचं लग्न झालं रे झालं की लग्नपत्रिका. चारी कोपऱ्यांना हळदीची बोटं लावायचं काम माझं. महिनाभर माझं बोट पिवळं.

जेवायला बसायच्या आधी आई माझे दोन्ही तळवे नाकाशी न्यायची.

"रॉकेल."

"दोनदा धुतले ग."

"मग तिसऱ्यांदा धू. शिशाचे हात ताटात नकोत."

बाबांचेही ती हुंगायची. एवढे मोठे बाबा मुकाट्यानं हात पुढे करायचे. कधी नापास होऊन मोरीकडे परत जायचे.

इंग्रजी मी बाबांकडे शिकलो, म्हणजे उलटं शिकलो. ते माझ्या तळव्यावर एकेक खिळा ठेवायचे आणि मी नाव सांगायचो. मोठ्या टाइपात कॅपिटल 'बी' दोनच होते. त्यातला एक सहा वर्षांचा असताना मी फरशीवर पाडला. खालच्या पोटाचा टवका उडाला. मी रडायच्या तयारीत होतो. बाबांनी तो उचलला, उजेडात धरला आणि म्हणाले, "चला, आता हा तुझा झाला." तेव्हापासून तो 'तुझा बी'. गल्लीतल्या कुठल्याशा 'ब्रदर्स'चं बिलबुक छापून झालं की ते मला कागद दाखवायचे. "बघ, तुझा बी गेलाय." पोटाला टवका असलेला तो बी अर्ध्या पेठेच्या कागदांवर होता.

हे सगळं मला माहीत होतं. तरी पुढे मी ते केलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एम.ए. इंग्रजी होऊन मी कर्वेनगरात एका क्लासमध्ये इंग्रजी संभाषण शिकवत होतो. तिथे यवतमाळ, अकोला, अमरावतीकडून आलेली मुलं असायची, कॉटबेसिसवर राहणारी, कपाळावर मेसच्या तेलाचा घाम. संध्याकाळी क्लास सुटला की खालच्या टपरीवर त्यांच्या तोंडी एकच भाषा. जावा शिकतोय, हैदराबादला कॉल आलाय, ऑनसाइट मिळणार. मी त्यांच्याकडून विमानतळावरची वाक्यं घोटून घ्यायचो. माझी बॅग हरवली आहे. मला खिडकीजवळची जागा मिळेल का. सहा महिन्यांनी त्यातलाच एखादा पेढे घेऊन यायचा आणि खरोखर विमानात बसायचा. मी पुढच्या बॅचला पुन्हा बॅग हरवायला शिकवायचो.

कुणीतरी सांगितलं, थायलंडमध्ये इंग्रजीचे शिक्षक हवे असतात. आधी अर्ज वगैरे काही नाही. जायचं, शाळांची दारं ठोठवायची, महिन्याभरात लागतं काम. हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं ते उठेना. मी घरी बोललो.

बाबा प्रूफ वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "दारं ठोठवायची तर बँकॉकपर्यंत कशाला? सदाशिव पेठेत दारं कमी आहेत का?"

"इथे कोण उघडतंय?"

"तिथे आपले नातेवाईक आहेत वाटतं उघडायला."

आईनं मात्र विनोद केला नाही. ती म्हणाली, "नोकरी हातात असेल तर जा. नसेल तर मी जाऊ द्यायची नाही. परक्या देशात तू उपाशी हिंडतोयस, हे मनात घेऊन मला इथे घास गिळता यायचा नाही." आणि बाबा म्हणाले, "ती म्हणते ते." विषय संपला.

त्याच सुमाराला छापखान्यात एक तरुण आला होता. त्याला एका सॉफ्टवेअर कंपनीची वीस लेटरहेड हवी होती. अनुभवाचा दाखला बनवायचा असणार, तेव्हा तो धंदा जोरात होता.

"कंपनी कुठे आहे?" बाबांनी विचारलं.

"आहे ना. म्हणजे व्हायचीय."

"मग झाली की या. कागद खराब होत नाही."

तो जास्त पैसे देतो म्हणाला. बाबांनी त्याला दार दाखवलं, तेही बोटानं नव्हे, नुसत्या चष्म्यानं. मी शेजारीच उभा राहून खिळे जुळवत होतो. आपले बाबा किती सरळ आहेत याचा मला त्या क्षणी अभिमान वाटला. त्यानंतर तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी दुपारी जिना उतरून खाली आलो, आतून कडी लावली आणि बँकॉकचं कॉलेज जुळवायला घेतलं.

डीटीपी करून घेता आलं असतं. पण अप्पा बळवंत चौकापर्यंतचा प्रत्येक डीटीपीवाला बाबांना ओळखत होता. म्हणून मग हातानं. वर कॉलेजचं नाव, पत्ता, खाली आठ ओळी. आम्हांस कळविण्यास आनंद होतो की, वगैरे. सगळ्या जगात संगणकातून पत्रं निघू लागली होती आणि माझं बँकॉकचं कॉलेज अजून खिळे जुळवत होतं. हे मला तेव्हा खटकलं नाही. 'बँकॉक' जुळवताना हात थांबला. धड बी एका इंग्रजी लग्नपत्रिकेच्या बांधलेल्या मजकुरात अडकला होता, ती सोडली तर बाबांना कळलं असतं. घरात उरला होता तो माझा बी. मी तोच लावला. ट्रेडल पायानं हळूच फिरवलं, आवाज होऊ नये म्हणून. एकच कागद उठवला. खिळे धुतले, घरात टाकले, हात तीनदा धुतले. चार वाजायला पाच मिनिटं होती.

पत्र 'आलं' ते दोन दिवसांनी. मी ते बाबांच्या हातात दिलं.

त्यांनी ते दारात, उजेडात नेलं. आधी वाचलं. मग कागद उलटा केला आणि पाठीमागून अंगठा फिरवला. खिळ्यांचा दाब कागदात किती रुतलाय हे ते असंच बघायचे, कुठल्याही कागदाचं, अगदी दुसऱ्यांच्या घरच्या लग्नपत्रिकेचंसुद्धा. मी शेजारी उभा होतो. आई उंबऱ्यात.

"अहो, काय म्हणतंय?"

"नोकरी देतायत म्हणे," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. "छपाई बरी आहे. दाब जरा जास्त झालाय."

"तिकडे तसंच छापत असतील," मी म्हणालो. माझ्या तोंडून हे वाक्य निघालं, ते मला आजही पाठ आहे.

"असेल. जायचंच आहे?"

"हो."

"मग जा."

एवढंच. आईनं पत्राला कुंकू लावून ते देवापुढे ठेवलं. आपण सुटलो, या आनंदात मी त्या रात्री गाढ झोपलो. हेही सांगितलं पाहिजे.

बँकॉकचे पहिले महिने मी आजवर कुणाला नीट सांगितलेले नाहीत. सकाळी लक्ष्मी रोडवर घेतलेला टाय बांधायचा, सर्टिफिकिटांची फाइल काखेत, आणि बसनं एकेक शाळा. उकाड्यात सुकट आणि गवती चहा एकत्र उकळल्यासारखा वास. चौकात सिग्नलला मोगऱ्याचे हार विकायला यायचे. ते नाकात गेले की मंडईच्या कोपऱ्यावरची गजरेवाली दिसायची, आणि मी बसच्या दुसऱ्या बाजूला तोंड वळवायचो. शाळांमध्ये माणसं फार अदबीनं वागत. पाणी देत, हसत. एका बाईंनी स्वच्छ सांगितलं, "तुमचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे, सर. पण पालकांना गोरा शिक्षक दिसावा लागतो." गेस्टहाउसमध्ये माझ्या शेजारच्या खाटेवर एक गोरा मुलगा होता. स्वतःच्या देशात तो ट्रक धुवायचा. त्याला तिसऱ्या दिवशी नोकरी लागली.

पोचल्यावर घरी एक कार्ड टाकलं होतं. सुखरूप पोचलो. त्यानंतर पाच महिने मी काही लिहिलं नाही. फोनही नाही. फोन छापखान्यात होता. तो बाबा उचलणार, कॉलेज कसं आहे विचारणार, आणि मला आणखी एक इमारत बांधावी लागणार. उद्या लागेल नोकरी, मग करू, असं रोज. उद्याचं काय, ते येत राहतं. पत्ता बदलत होता हे निमित्त होतं. खरं असं की, त्या पाच महिन्यांत मला घराची आठवण नको होती. आईचं नाव मी तिथे एकाही माणसापुढे काढलं नाही.

शेवटी एका लांबच्या गावात बालवाडीत काम मिळालं. रंग, फळं, जनावरं. हत्तीची सोंड करून दाखवायची. लहान लहान मुलं माझ्या हातावरचे केस ओढून बघायची आणि खिदळायची. मी तिथे सुखी झालो. पुढे मोठ्या शाळा मिळाल्या, घर झालं, पण हत्ती मी चांगला केला तो तिथेच. पहिला पगार झाला त्या दिवशी मी घरी फोन लावला. आईनंच उचलला.

"बरा आहेस ना?"

"हो ग. कामात होतो."

"माहितीय. तुमच्या कॉलेजचं पत्र आलं होतं. परीक्षा चालू आहेत म्हणून लिहायला वेळ होत नाही त्याला, असं होतं त्यात."

मला वाटलं, ती माझ्याच पत्राबद्दल बोलतेय, काहीतरी घोटाळा करतेय. परीक्षांचं त्यात काही नव्हतं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढे बोलावं लागलं असतं. आई गेली तेव्हा मी दुसऱ्या दिवशी पोचलो. शेजारच्या काकू डोळे पुसत म्हणाल्या, "तुझ्या कॉलेजवाल्यांनी काय सुंदर पत्र पाठवलं होतं रे! मराठीतून पाठ झालं होतं तिला, सगळ्या गल्लीला म्हणून दाखवायची." तेव्हाही मी मान हलवली. तेराव्यानंतर परत गेलो.

आणि हे सगळ्यात वाईट. त्या पत्राची गोष्ट मी बँकॉकमध्ये हसत हसत सांगत आलो. शिक्षकांच्या जेवणावळीत, कुणाचा निरोपसमारंभ असला की. बापाच्या छापखान्यात, बापाच्या टाइपात, मी स्वतःला नोकरी कशी दिली आणि बापाला पत्ताही कसा लागला नाही. लोक टेबल बडवून हसायचे. बाबांच्या "दाब जरा जास्त झालाय"ची मी नक्कलसुद्धा करायचो, अंगठ्यासकट. एक भोळा म्हातारा कारागीर, अशी ती नक्कल होती.

मांडीवरचा मजकूर आता मी पुढे वाचू लागलो. वरच्या दोन ओळी माझ्याच, पण माझ्या हातच्या नाहीत. शब्दांमधलं अंतर सारखं, कडा आखल्यासारख्या. खाली इंग्रजीत पाच ओळी होत्या. त्यांचा मराठी अर्थ असा. आपला मुलगा इथे सुखरूप आहे. तो मन लावून शिकवतो आणि मुलांना आवडतो. परीक्षांमुळे त्याला पत्र लिहिण्यास सवड होत नाही, तरी काळजी नसावी. तो वेळेवर जेवतो. तो आपल्या आईची नेहमी आठवण काढतो.

जिन्यावर काठी वाजली. बाबा एकेक पायरी मोजत उतरले आणि दारात थांबले. नजर आता अधू आहे, पण माझ्या मांडीवर काय आहे हे त्यांना माझ्या बसण्यावरून कळलं असावं.

"खालच्या खणातलं ना ते? दोरा शाबूत आहे का? उंदरांनी खाल्ला असेल म्हटलं."

"दोरा चांगला आहे."

"मग ठीक." ते समोरच्या खुर्चीत बसले.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं."

"काय?"

"मी दाखवलेलं पत्र. ते इथलं होतं."

"अरे, चाळीस वर्षं मी तो टाइप हाताळत होतो. आणि तुझा बी मला कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो की. दाब जास्त झालाय म्हणालो."

 म्हणालो, "अडवायला हवं होतंत मला."

"थांबला असतास?"

 पंचवीस वर्षांनी एकदा तरी खरं उत्तर द्यायचं होतं. "नाही," म्हणालो.

"मग?"

बाहेरून एक रिक्षा गेली.  मी विचारलं, "हे दुसरं कधी केलंत?"

बाबांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "तुझं कार्ड आलं, नंतर काही नाही. चौथा महिना लागला. तिनं देवापुढे सांगितलं, पोराचं पत्र येईपर्यंत भात खायची नाही. तुला ठाऊक आहे, भाताशिवाय तिचं जेवण होत नसे. नुसती भाकरी आणि ताक. पोस्टमनच्या वेळेला गॅलरीत उभी. वाळत चालली. मी तुला कुठे लिहिणार? तुझा पत्ता होता तो माझ्याच टाइपातला."

मी 'बँकॉक'च्या ओळीवरून बोट फिरवलं.

"मग एकदा दुपारी ती झोपल्यावर खाली आलो. कडी लावली. टंकलेखनवाल्याकडे गेलो असतो तर त्याला कळलं असतं. हातानं लिहिलं तर तिनं अक्षर ओळखलं असतं. म्हणून हे. तिला सांगितलं, तिकडून एक गृहस्थ आले, त्यांच्याबरोबर पाठवलंय."

त्या लेटरहेडवाल्या तरुणाला चष्म्यानं दार दाखवणारे बाबा माझ्या डोळ्यांसमोर होते. तेच बाबा दुपारी आतून कडी लावतायत.

"पण बी," मी म्हणालो. "धड बी मोकळा असेल ना तेव्हा? मग टवक्याचा का लावलात?"

"पहिलं पत्र देवात होतं. दोन्ही शेजारी ठेवली असती तिनं. जुळायला नको?"

हे त्यांनी अगदी सहज सांगितलं, एखाद्या कामातली खुबी सांगावी तसं. माझ्या हातून काय झालंय, ते मला त्या वाक्यानं कळलं. आयुष्यभर एकही खोटा कागद न छापलेला माणूस, खोटं खोट्याशी कसं जुळवायचं याचा विचार करत या स्टुलावर बसला होता. तो विचार त्यांना मी शिकवला होता.

"आईला खरं वाटलं?"

 बाबांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "पाकीट घेतलंन. उघडायच्या आधी नाकाशी नेलंन. म्हणाली, अहो, परदेशातल्या कागदांनाही रॉकेलचा वास येतो का?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, येत असेल. मग मी वाचून दाखवलं, मराठी करून. तिनं घडी घातली, कुंकू लावलं, देवात ठेवलं." त्यांनी काठी परत खाली टेकवली. "संध्याकाळी भात लावलान. दोघांपुरता. माझ्यासमोर बसून खाल्ला. एवढासाच खाल्ला."

म्हणजे तिला ठाऊक होतं. फोनवर मी "कामात होतो" म्हणालो, तेव्हाही. काकूंना पत्र म्हणून दाखवत होती, तेव्हाही. बाबांनी तिच्यासाठी केलं होतं आणि तिनं ते बाबांसाठी खरं मानलं होतं. तिघंही जण एकमेकांना काही कळू देत नव्हते, आणि हे सुरू करून देणारा मी दूर एका गावात हत्ती करून दाखवत होतो. बाबांना कळलं नसतं तर मी नुसता खोटारडा ठरलो असतो. त्यांना कळलं होतं. त्यांनी त्या खोट्याचं ओझं आम्हा दोघांच्याही वाटचं उचललं आणि मी त्याची नक्कल करून लोकांना हसवलं.

नकलेचं मी त्यांना सांगितलं. जेवणावळी, हसणारे लोक, अंगठा. काही गाळलं नाही. ते ऐकत होते. मध्ये फक्त एकदा विचारलं, "कुठल्या बाजूनं फिरवायचास अंगठा?"

"पुढून."

"पाठीमागून फिरवतात. दाब पाठीमागे कळतो."

"बाबा, मला..."

"ते सोडव आधी," ते म्हणाले. "बांधून ठेवलं होतं, आणखी एखादं लागलं असतं तर म्हणून. मग तुझा फोन आला. नंतर राहूनच गेलं."

"उद्या सगळं वितळवणारच आहेत."

"उद्या ना? आज घरात टाक."

मी खोचलेलं टोक ओढलं. दोरा चार वेढ्यांनी सुटला. ओळ डाव्या हातात धरायची, उजव्या हाताच्या दोन बोटांनी शब्द उचलायचा आणि बोटांनी चाचपत एकेक अक्षर त्याच्या घरात सोडायचं. हात विसरला नव्हता. लाकडात शिसं पडल्याचा बारीक टक् आवाज येत राहिला. शेवटची ओळ आधी सुटली, आईची आठवण काढणारी. मग जेवणाची. मग परीक्षांची. बाबा डोळे मिटून ऐकत होते. एकदा म्हणाले, "चुकलास. 'एन' तिकडे नाही." खरंच चुकलो होतो. काढून योग्य घरात टाकला.

बी सगळ्यात शेवटी राहिला. मी तो बाबांच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी अंगठ्यानं टवका चाचपला, बराच वेळ, आणि परत माझ्याकडे दिला. मला तो खिशात घालायचा होता. त्यांनी मान हलवली. मी तो घरात सोडला.

"झालं?"

"झालं."

"मग हात धू. मी चहा टाकतो." काठी टेकत ते उठले. जिन्याशी पोचल्यावर वळून म्हणाले, "साबण नळाच्या वर आहे."

बाहेर शटर वर जायला लागली होती. चार वाजले होते. मी मोरीत दोनदा साबण लावून हात धुतले, पुसले, आणि सवयीनं दोन्ही तळवे नाकाशी नेले. रॉकेल. परत पाठवणारं कुणी नव्हतं. मी तिसऱ्यांदा नळ सोडला.